हेविसाइड आणि विसरलेला 'एल'

इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षात आलेल्या प्रत्येकाची एका फंक्शनशी गाठ पडते. शून्याच्या आधी शून्य, शून्यानंतर एक. युनिट स्टेप! त्याचा लाप्लास ट्रान्सफॉर्म 'वन बाय एस' लिहिला की दोन मार्क खिशात. पुस्तकात त्या फंक्शनच्या शेजारी एक नाव छापलेलं असतं, हेविसाइड. ते नाव आपण वाचतो आणि लगेच पुढच्या सॉल्व्ह्ड एक्झाम्पलकडे वळतो.

मी कॉन्व्हेंटमध्ये शिकले. दहावीनंतर मराठीत साधं पत्रसुद्धा लिहायची वेळ आली नव्हती. पण मासिकाच्या मराठी विभागासाठी लेख हवाय असं कळलं तेव्हा मला या माणसाबद्दलच लिहावंसं वाटलं. आणि तेही मराठीतच, कारण त्याची गोष्ट मी घरी आईला मराठीत सांगितली होती आणि इलेक्ट्रॉनिक्सचा गंध नसताना तिला ती नीट समजली होती. तेव्हा मित्रमैत्रिणींनो, कुठे शब्द अडखळले तर सांभाळून घ्या.

या माणसावर लिहायला दुसरंही एक कारण आहे, ते म्हणजे सिम्युलेशन. आजकाल सर्किट ब्रेडबोर्डवर जोडण्याआधी स्क्रीनवर चालवून पाहतात. लायब्ररीतून डायोड उचला, वायर ओढा, रन दाबा. पण त्या लायब्ररीत एकाच वस्तूची पाच-दहा मॉडेल्स असतात. त्यातलं कोणतं घ्यायचं? व्हायवात एक्स्टर्नलने हेच विचारलं की भलेभले गप्प बसतात. मला वाटतं, या प्रश्नाचं उत्तर कुठल्याही मॅन्युअलपेक्षा हेविसाइडच्या आयुष्यात जास्त चांगलं सापडतं. कारण हा माणूस उभं आयुष्य एका वस्तूच्या अचूक मॉडेलसाठी भांडला. ती वस्तू म्हणजे साधी तार!

ऑलिव्हर हेविसाइडचा जन्म १८ मे १८५० रोजी लंडनच्या कॅम्डन टाउन भागात झाला. वडील लाकडावर कोरीव चित्रं करणारे कारागीर. घरची परिस्थिती बेताची. चार भावांत हा सगळ्यात धाकटा. लहानपणी त्याला स्कार्लेट फीव्हर झाला आणि त्यात त्याचे कान अधू झाले. गल्लीतल्या मुलांच्या खेळात ऐकू न येणाऱ्या मुलाला कोण घेणार? तो एकटा पडला आणि पुढे एकटाच राहिला. शाळेत हुशार होता, पण सोळाव्या वर्षी शाळा सुटली. कॉलेज नाही, डिग्री नाही. जे काही शिकला ते वाचनालयातून आणि स्वतःच्या डोक्याने.

नशिबाने एक नातं मात्र कामाचं होतं. व्हीटस्टन ब्रिजमुळे आपल्याला माहीत असलेला चार्ल्स व्हीटस्टन हा त्याच्या मावशीचा नवरा. टेलिग्राफच्या क्षेत्रात त्याचं मोठं नाव. त्याच्या ओळखीने ऑलिव्हर टेलिग्राफच्या धंद्यात शिरला. १८६८ मध्ये तो डेन्मार्कमधल्या फ्रेडेरित्सिया इथे ऑपरेटर म्हणून रुजू झाला आणि नंतर इंग्लंडच्या न्यूकॅसलला आला. या दोन गावांच्या मधे समुद्राखालून केबल टाकलेली होती.

त्या केबलमध्ये एक विचित्र गोष्ट दिसायची. एका दिशेने संदेश पटपट जायचे, उलट दिशेने मात्र हळू. केबल तीच, मग असं का? बहुतेकांनी हे नुसतं पाहिलं आणि सोडून दिलं. हेविसाइड मात्र गणित करत बसला. समुद्रातली केबल सारखीच असली तरी तिच्या दोन टोकांना जोडलेल्या जमिनीवरच्या तारा सारख्या नव्हत्या. त्यांचे रेझिस्टन्स धरल्याशिवाय कोडं सुटत नव्हतं. म्हणजे फक्त केबलचं मॉडेल पुरेसं नाही, तिला जे जोडलंय तेही हिशेबात घ्यावं लागतं. आज आपण ज्याला सोर्स आणि लोड म्हणतो, ते हेच.

१८७३ मध्ये त्याने व्हीटस्टन ब्रिजवर पेपर लिहिला आणि त्याची दखल प्रत्यक्ष मॅक्सवेलने घेतली. त्याच वर्षी मॅक्सवेलचा विजेवरचा मोठा ग्रंथ बाजारात आला. हेविसाइडने तो चाळला आणि त्यातलं बहुतेक काही त्याला कळलं नाही. दुसरा कोणी असता तर पुस्तक परत करून मोकळा झाला असता. याने १८७४ मध्ये नोकरीच सोडली! वय चोवीस. पुढे आयुष्यात त्याने पुन्हा कधीही नोकरी केली नाही. आई-वडिलांच्या घरी एका खोलीत बसून त्याने आधी ते गणित शिकून घेतलं आणि मग मॅक्सवेल वाचला. आपल्याकडे चोवीस वर्षांचा मुलगा असं काही करेल तर नातेवाईक काय म्हणतील याचा विचार करून पाहा.

आता तारेकडे वळते, कारण खरी गोष्ट तिथे आहे.

समुद्राखालच्या केबलमध्ये आत तांब्याची तार, तिच्याभोवती गटापर्चाचं आवरण आणि बाहेर खारं पाणी असायचं. म्हणजे ती शेकडो मैल लांबीचा एक कपॅसिटरच झाली. पुढे लॉर्ड केल्विन म्हणून प्रसिद्ध झालेल्या विल्यम थॉमसनने १८५०च्या दशकात तिचं मॉडेल मांडलं. त्यात दोनच गोष्टी होत्या, तारेचा रेझिस्टन्स आर आणि आवरणाचा कपॅसिटन्स सी. त्यावरून निघालं की केबलची लांबी दुप्पट केली तर संदेशाला चौपट वेळ लागेल. एका टोकाला दिलेला टोकदार पल्स दुसऱ्या टोकाला पसरट, गुळगुळीत होऊन बाहेर पडेल.

हे मॉडेल न मानण्याची किंमतही लोकांनी मोजली. १८५८ मध्ये अटलांटिक महासागराखालून पहिली केबल टाकली गेली. तिच्यावरून राणी व्हिक्टोरियाचा ९८ शब्दांचा संदेश जायला सुमारे १६ तास लागले. कंपनीचा इलेक्ट्रिशियन वाइल्डमन व्हाइटहाउस हा पेशाने सर्जन. थॉमसनचा हिशेब त्याला पटत नव्हता. सिग्नल नीट पोहोचत नाही म्हणून त्याने आधीच कमकुवत असलेल्या केबलला सुमारे दोन हजार व्होल्ट दिले. काही आठवड्यांत केबल कायमची मुकी झाली. नंतर १८६६ मध्ये यशस्वी केबल पडली ती थॉमसनच्या विचारांनी. आर आणि सी जिंकले. आणि जिंकलेलं मॉडेल हळूहळू कायदा बनलं.

हेविसाइडने १८७६ मध्ये त्यात तिसरी गोष्ट आणली. तारेतून करंट वाहतो तेव्हा तिच्याभोवती मॅग्नेटिक फील्ड तयार होतं. म्हणजे तारेला इंडक्टन्स असतो, एल. शिवाय आवरणातून थोडी गळती होते, ती जी. आर, एल, जी, सी. आपल्या ट्रान्समिशन लाइनच्या धड्यात पहिल्याच पानावर असतात ती हीच चार अक्षरं आणि त्यातून येणारं टेलिग्राफर्स इक्वेशन. एल धरला की तारेतली वीज कपॅसिटर भरल्यासारखी झिरपत जात नाही, ती लाटेसारखी धावते.

मग केल्विन चुकला होता का? नाही, आणि मला ही गोष्ट फार महत्त्वाची वाटते. समुद्राखालच्या केबलवर टेलिग्राफचे सिग्नल इतके मंद असायचे की एलचा परिणाम आरपुढे नगण्य होता. त्या कामासाठी केल्विनचं मॉडेल पुरेसं होतं. पण मग टेलिफोन आला. माणसाच्या आवाजात कमी-जास्त अनेक फ्रिक्वेन्सी असतात. आर-सी प्रकारच्या तारेत वरच्या फ्रिक्वेन्सी लवकर पोहोचतात पण जास्त दुबळ्या होतात, खालच्या मागे रेंगाळतात. लांबच्या फोनवर शब्दांचा चिखल व्हायचा. प्रश्न बदलला होता, मॉडेल मात्र जुनंच राहिलं होतं.

१८८७ मध्ये हेविसाइडने दाखवलं की आर भागिले एल हे जी भागिले सीच्या बरोबर असेल, तर सगळ्या फ्रिक्वेन्सी एकाच वेगाने जातात आणि सारख्याच प्रमाणात कमी होतात. आवाज बारीक होईल, पण बिघडणार नाही. प्रत्यक्ष तारांमध्ये एल फार कमी पडतो. तेव्हा उपाय काय? तारेचा एल वाढवा! चांगला सिग्नल हवा असेल तर मधे मधे कॉइल घाला. आजही हे पहिल्यांदा ऐकणाऱ्याला उलटंच वाटतं.

तेव्हा तर ते पाखंडच वाटलं. ब्रिटिश पोस्ट खात्यातला वजनदार इंजिनिअर विल्यम प्रीस याचं मत होतं की इंडक्टन्स हा तारेचा शत्रू आहे, तो जितका कमी तितका बरा. त्याचा सगळा हिशेब आर आणि सीच्या गुणाकारावर चालायचा. देशातले टेलिग्राफ आणि टेलिफोन त्याच्या खात्याच्या हातात. १८८७ मध्ये ऑलिव्हर आणि त्याचा भाऊ आर्थर यांनी मिळून लिहिलेला पेपर प्रीसकडे गेला आणि तिथेच अडकला. आर्थर पोस्ट खात्यातच नोकरीला होता, म्हणजे प्रीस त्याचा साहेब. त्याला गप्प बसावं लागलं. त्याच वर्षी 'द इलेक्ट्रिशियन' या साप्ताहिकाचा संपादक बदलला आणि ऑलिव्हरची लेखमाला बंद झाली. कारण दिलं गेलं की ती कोणी वाचत नाही.

नोकरी नाही, डिग्री नाही, कान अधू, आणि छापायला जागाही नाही. समोर खात्याचा साहेब. मला इथे राग येतो. कारण प्रीसने गणितात चूक शोधून काढलेली नव्हती. त्याच्या मॉडेलमध्ये एलसाठी जागाच नव्हती, एवढंच.

चक्र फिरलं ते दुसरीकडून. १८८८ मध्ये जर्मनीत हर्ट्‌झने विद्युतचुंबकीय लाटा प्रयोगाने दाखवल्या. लाटांची भाषा बोलणारा हा एकलकोंडा माणूस काय सांगत होता ते लोकांना आता कळायला लागलं. १८८९ मध्ये स्वतः केल्विनने इलेक्ट्रिकल इंजिनिअर्सच्या संस्थेच्या अध्यक्षपदावरून हेविसाइडच्या कामाची जाहीर स्तुती केली. ज्याच्या मॉडेलमध्ये एल नव्हता त्यानेच एल मान्य केला! केल्विनचा मोठेपणा मला त्याच्या तापमानाच्या स्केलपेक्षा इथे जास्त दिसतो. १८९१ मध्ये हेविसाइड रॉयल सोसायटीचा फेलो झाला.

पैसा मात्र दुसऱ्याच्या नशिबात होता. हेविसाइडने कॉइलच्या कल्पनेचं पेटंट घेतलं नव्हतं, छापून मोकळा झाला होता. अमेरिकेत एटी अँड टी कंपनीत जॉर्ज कॅम्पबेल आणि कोलंबिया विद्यापीठात मायकेल प्युपिन यांनी लोडिंग कॉइल प्रत्यक्षात आणली. १९०० मध्ये पेटंट प्युपिनला मिळालं आणि कंपनीने त्याला काही लाख डॉलर मोजले. हेविसाइडच्या हाती काही आलं नाही. तो जगत होता १८९६ पासून सरकारने दिलेल्या वर्षाला १२० पौंडांच्या पेन्शनवर. त्याआधी रॉयल सोसायटीने मदत देऊ केली होती, ती त्याने भीक समजून नाकारली.

त्याचं बाकीचं काम सांगायला बसले तर मासिकाचा अंक पुरणार नाही. कोएक्सियल केबलचं पेटंट त्याने १८८० मध्ये घेतलं. मॅक्सवेलच्या वीस समीकरणांची आज आपण पाठ करतो ती चार समीकरणं त्याने व्हेक्टर वापरून केली. इंडक्टन्स, इम्पीडन्स, अॅडमिटन्स, कंडक्टन्स हे शब्द त्याचेच. डिफरन्शियल इक्वेशन सोडवताना डी बाय डीटीला एका अक्षरासारखं वागवायची त्याची पद्धत गणितज्ञांना मुळीच आवडली नाही. १८९४ मध्ये रॉयल सोसायटीने त्यावरचा पेपर छापायला नकार दिला. तीच पद्धत पुढे लाप्लास ट्रान्सफॉर्मच्या सभ्य कपड्यात आपल्या सिलॅबसमध्ये आली. १९०२ मध्ये त्याने सांगितलं की हवेत उंचावर वीज वाहून नेणारा थर असावा, म्हणूनच रेडिओ लाटा पृथ्वीच्या गोलाईवरून वळतात. अमेरिकेत केनेलीनेही त्याच वर्षी तेच सुचवलं. अॅपलटनने प्रयोगाने तो थर दाखवला डिसेंबर १९२४ मध्ये.

तोपर्यंत हेविसाइड टॉर्की या समुद्रकाठच्या गावी थकून एकटा राहत होता. बहिरेपण वाढलं होतं. थंडी अजिबात सोसायची नाही, आणि गॅस कंपनीशी बिलावरून कायमचं भांडण. १९२२ मध्ये इलेक्ट्रिकल इंजिनिअर्सच्या संस्थेने पहिलंवहिलं फॅरडे मेडल त्याला दिलं. तो काही लंडनला जाणार नव्हता, म्हणून संस्थेचे अध्यक्ष मेडल घेऊन त्याच्या घरी गेले. ३ फेब्रुवारी १९२५ रोजी शिडीवरून पडल्याचं निमित्त होऊन तो गेला. पेन्टन गावी आई-वडिलांच्या शेजारी त्याला पुरलं.

आता पुन्हा आपल्या स्क्रीनकडे या. १९७३ मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कले इथे स्पाइस हा प्रोग्रॅम जगापुढे आला. आज वापरात असलेले बरेचसे सर्किट सिम्युलेटर त्याचेच वंशज आहेत. त्यात तार दाखवायचे चार मार्ग आहेत आणि ते पाहताना मला ही सगळी माणसं दिसायला लागतात. एक, नुसती रेघ, म्हणजे आर, एल, जी, सी सगळं शून्य. दोन, यूआरसी, पसरलेला आर आणि सी, म्हणजे केल्विनची केबल. तीन, टी, गळती-तोटा नसलेली लाइन, म्हणजे फक्त एल आणि सी. चार, एलटीआरए, तोटा असलेली लाइन. गंमत म्हणजे या चौथ्या मॉडेललाही हेविसाइडची चारही अक्षरं एकत्र चालत नाहीत. आरएलसी, आरसी, एलसी किंवा आरजी, एवढेच प्रकार घ्या, दुसरं काही दिलं तर उत्तर चुकीचं येईल असं मॅन्युअलमध्ये सरळ लिहिलं आहे. म्हणजे हेविसाइडची ती न बिघडवणारी लाइन बघायची असेल तर आर, एल, जी, सीचे छोटे छोटे तुकडे आपणच शिडीसारखे जोडायचे.

यातलं बरोबर कोणतं? सर्किटला तुम्ही काय विचारताय त्यावर ते ठरतं. समजा आरजी-५८ ही पन्नास ओहमची कोएक्सियल केबल आहे. तिचा कपॅसिटन्स मीटरला सुमारे १०० पिकोफॅरड, इंडक्टन्स सुमारे २५० नॅनोहेन्री. गुणून वर्गमूळ काढा, मीटरला ५ नॅनोसेकंद उशीर. भागून वर्गमूळ काढा, ५० ओहम. एक मीटर केबलमधून एक किलोहर्ट्‌झचा साइन पाठवायचा असेल तर नुसती रेघ चालेल, फार तर एक कपॅसिटर जोडा. पण ५ नॅनोसेकंदात उसळी मारणारा डिजिटल सिग्नल असेल तर सिग्नल पूर्ण चढतो तेव्हा त्याची सुरुवात जेमतेम पलीकडच्या टोकाला पोहोचलेली असते. टोकाला ५० ओहम नसतील तर तो आपटून परत येतो. रेघेच्या मॉडेलमध्ये स्वच्छ चौकोनी वेव्हफॉर्म दिसेल, स्कोपवर मात्र शेपट्या हलताना दिसतील. ढोबळ नियम असा की सिग्नलचा राइज टाइम केबलच्या एका बाजूच्या उशिराच्या दुपटीपेक्षा कमी असेल तर लाइनचं मॉडेल घ्या.

उलट चिपच्या आतल्या अतिबारीक तारांमध्ये पुष्कळदा आरचंच राज्य असतं आणि तिथे केल्विनचं आर-सी पुन्हा कामाला येतं. लोडिंग कॉइलचंही असंच झालं. बोलण्याच्या फ्रिक्वेन्सीसाठी ती वरदान, पण त्याच तारेवरून डीएसएल ब्रॉडबँड न्यायची वेळ आली तेव्हा त्या कॉइल काढून टाकाव्या लागल्या.

डायोडचं बघा. स्पाइसमध्ये डायोडला एकही आकडा दिला नाही तर सिरीज रेझिस्टन्स शून्य, कपॅसिटन्स शून्य, साठलेला चार्ज बाहेर पडायचा वेळ शून्य आणि ब्रेकडाउन व्होल्टेज अनंत धरलं जातं. असा डायोड कुठल्याच दुकानात मिळत नाही. ५० हर्ट्‌झच्या रेक्टिफायरचा ढोबळ अंदाज घ्यायला तो चालेल. पण १०० किलोहर्ट्‌झच्या पॉवर सप्लायमध्ये खरा १एन४००७ लावला तर तो वेळेवर बंद होत नाही आणि तापतो. सिम्युलेशनमधला मात्र थंड राहतो, कारण त्याला तापायचं कारणच दिलेलं नाही.

म्हणून मला वाटतं, मॉडेल निवडायचं म्हणजे लायब्ररीतलं सगळ्यात लांबलचक मॉडेल उचलायचं असं नाही. मॉडेलची फाइल उघडायची आणि त्यात काय शून्य आहे ते आधी वाचायचं. न लिहिलेला प्रत्येक पॅरामीटर म्हणजे कोणीतरी घेतलेला निर्णय असतो की ही गोष्ट इथे महत्त्वाची नाही. आपल्या फ्रिक्वेन्सीला, आपल्या करंटला तो निर्णय पटतो का? मग तो एकच कंपोनंट वेगळ्या छोट्या सर्किटमध्ये घालून त्याचा ग्राफ डेटाशीटच्या ग्राफशी जुळवून पाहायचा. दहा मिनिटांचं काम आहे. कंपनीने दिलेल्या मॉडेललाही हीच परीक्षा लावावी, कारण तेही कोणत्या तरी ठरावीक कामासाठीच बनवलेलं असतं.

प्रीसकडे खातं होतं, अधिकार होता, माणसं होती. हेविसाइडकडे कागद, पेन्सिल आणि तो का वगळला एवढा एक प्रश्न होता. आज प्रीसचं नाव आपल्या सिलॅबसमध्ये नाही, आणि तारेचा एल वगळून ट्रान्समिशन लाइनचा धडा सुरूच होत नाही. पुढच्या वेळी लायब्ररीतून काही उचलाल तेव्हा ओके दाबण्याआधी त्याचे शून्य जरूर वाचा.